सीडी भरीव वाजते आणि स्ट्रीमिंग पोकळ? दोष नेमका कुठं आहे ते असं शोधा

तक्रार ठरलेली असते. तोच अ‍ॅम्प्लिफायर, तेच स्पीकर, तेच गाणं. सीडी लावली की डग्गा घुमतो आणि गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध येतो. तेच गाणं फोनवरच्या अ‍ॅपमधून लावलं की सगळं चपटं. मग निकालही ठरलेला: ‘स्ट्रीमिंगमध्ये दम नाही.’ कोल्हापुरात नाट्यसंगीताच्या, ख्यालाच्या, भावगीतांच्या सीडी जपून ठेवलेली घरं भरपूर आहेत, त्यामुळे हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकतो.

आधी आकड्यांचं बघू, कारण भांडण तिथूनच सुरू होतं. सीडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यावर दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, असे दोन चॅनेल असतात. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. स्ट्रीमिंगचा नेहमीचा वरचा दर्जा ३२० किलोबिटचा, म्हणजे पाव हिस्साही नाही. इथं लोक भागाकार करतात आणि पाऊण गाणं गायब झालं असं धरून चालतात. पण कॉम्प्रेशन गाण्याचे तुकडे कापून फेकत नाही. मोठ्या आवाजाखाली दबल्यामुळे कानाला कळणारच नाही असा भाग ते प्रामुख्याने गाळतं, आणि ३२० वर हे काम इतकं बेमालूम होतं की चांगल्या स्पीकरवर लक्ष देऊन ऐकणाऱ्यालाही फरक पकडताना घाम फुटतो. शिवाय अ‍ॅपल म्युझिकने २०२१ पासून लॉसलेस सुरू केलंय. त्यात सीडीइतकी किंवा तिच्याहून जास्त माहिती येते, काहीच गाळलं जात नाही.

म्हणून माझा पहिला नियम साधा आहे. फरक स्वयंपाकघरात उभं राहून कळत असेल, तर त्याचं कारण बिटरेट, म्हणजे हे सेकंदाचे किलोबिट, नाही. ते दुसरीकडं शोधायचं.

आधी आवाज सारखा करा

सीडी प्लेअरच्या मागच्या लाल-पांढऱ्या आरसीए पिनांमधून जास्तीत जास्त साधारण २ व्होल्ट सिग्नल येतो. फोनचा हेडफोन जॅक किंवा टाइप-सीचा छोटा डोंगल बऱ्याचदा १ व्होल्ट देतो, काही तर त्याहून कमी. व्होल्टेज निम्मं म्हणजे ६ डेसिबल कमी. तुम्ही अ‍ॅम्प्लिफायरचं बटण जागचं हलवलं नाही, नुसता इनपुट बदलला, की सीडी आपोआप ६ डेसिबल मोठी वाजणार. आणि मोठं वाजलेलं कानाला चांगलंच वाटतं. ६ सोडा, १ डेसिबलचा फरक असला तरी माणूस ‘आवाज मोठा आहे’ म्हणत नाही, ‘जास्त खुला आहे’ म्हणतो.

‘डग्गा गेला’ ही तक्रारही बहुतेक वेळा इथूनच येते. आवाज लहान झाला की आपल्या कानाला खालचे स्वर जास्त प्रमाणात कमी ऐकू येतात. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच याचे आलेख काढून ठेवलेत. थोडक्यात, डग्गा कुठं गेलेला नसतो, सगळंच गाणं खाली गेलेलं असतं.

आवाज कानाने जुळवू नका, हमखास चुकतो. घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी फोन मागून घ्या आणि त्यात साऊंड मीटरचं एखादं फुकट अ‍ॅप टाका. क्षणाक्षणाला उड्या मारणाऱ्या आकड्याखेरीज सरासरी दाखवणारं अ‍ॅप हवं, त्यावर बहुधा ‘एलईक्यू’ किंवा ‘अ‍ॅव्हरेज’ लिहिलेलं असतं. पंखा बंद करा. जिथं बसून ऐकता तिथं डोक्याच्या उंचीला, उशांवर किंवा पुस्तकांवर, तो फोन ठेवा. गाण्यातलं एक मिनिट निवडा, शक्यतो जिथं ठेका लागलाय असं. सीडीवरून ते मिनिट वाजवून सरासरी लिहून ठेवा. मग वाजवणारा फोन पूर्ण आवाजावर ठेवून तेच मिनिट वाजवा आणि अ‍ॅम्प्लिफायरचं बटण फिरवत फिरवत अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. बटणाच्या दोन्ही जागा चिकटपट्टीवर पेनने खुणेने मांडून ठेवा. फोनचा माइक प्रयोगशाळेतल्यासारखा अचूक नसतो, पण आपल्याला खरा आकडा नकोय, दोन वाचनांतला फरक हवाय, आणि त्यासाठी तो पुरतो.

हे करण्याआधी अ‍ॅपमधलं ‘ऑडिओ नॉर्मलायझेशन’ बंद करा. अ‍ॅपलच्या अ‍ॅपमध्ये त्याला ‘साऊंड चेक’ म्हणतात. सगळी गाणी एका पातळीवर यावीत म्हणून अ‍ॅप प्रत्येक गाण्याचा आवाज वरखाली करत असतं. स्पॉटिफायचा नेहमीचा टप्पा उणे १४ एलयूएफएस (गाणं सरासरी किती मोठं वाजतं त्याचं माप) आहे. आजच्या धडाकेबाज सिनेगीतांचं मास्टरिंग त्याच्या बरंच वर असतं, त्यामुळे तीच गाणी सीडीपेक्षा खाली उतरतात. ही सोय वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. गाडीत, पार्टीत ती चालूच ठेवावी. तुलनेच्या वेळी मात्र ती मध्ये येते.

बऱ्याच घरांत गाडी इथंच थांबते. आवाज जुळला की फरक नाहीसा होतो, आणि समोरचा थोडा हिरमुसतो.

फरक उरलाच तर तिसरा साक्षीदार आणा

आवाज जुळवूनही सीडी उजवी वाटत असेल तर आता दोन संशयित आहेत: एक म्हणजे अ‍ॅप, दुसरा म्हणजे फोनपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंतची वाट. ‘सीडी विरुद्ध स्ट्रीमिंग’ अशी तुलना करताना हे दोन्ही एकदम बदलतात, म्हणून कितीही ऐकलं तरी निकाल लागत नाही. सीडी आणि अ‍ॅप यांच्यात तिसरी गोष्ट आणायची: त्याच सीडीची फोनमध्ये घेतलेली कॉपी.

नवीन लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, त्यामुळे जुना डेस्कटॉप शोधा किंवा यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह मागून आणा. विंडोजवर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ आणि मॅकवर ‘एक्सएलडी’ ही दोन्ही सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. त्यांतून गाणं फ्लॅकमध्ये काढा. एमपीथ्री नको. फ्लॅकमध्ये आकार साधारण निम्म्यावर येतो, पण एकही बिट हरवत नाही. ती फाइल फोनमध्ये टाका आणि व्हीएलसीसारख्या प्लेअरमधून, इक्वलायझर बंद ठेवून, रोजच्याच जोडणीने वाजवा. अ‍ॅप ज्या वाटेने वाजतं त्याच वाटेने.

आता निकाल वाचता येतो. फोनमधली कॉपी सीडीसारखीच वाजली आणि अ‍ॅप एकटंच मागं पडलं, तर दोष अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये किंवा त्यावरच्या आवृत्तीत आहे. कॉपी आणि अ‍ॅप दोन्ही सारखेच फिके वाजले, तर स्ट्रीमिंगचा काही संबंध नाही, वाट खराब आहे. कॉपी सीडीपेक्षा चांगली वाजली असं क्वचित होतं, पण होतं. तेव्हा सीडी प्लेअरकडे बघायचं. एक अपवाद लक्षात ठेवा: ऐंशीच्या दशकातल्या काही थोड्या सीडींमध्ये ‘प्री-एम्फसिस’ म्हणून वरचे स्वर मुद्दाम चढवलेले असतात. सीडी प्लेअर ते वाजवताना उतरवतो, फाइलमध्ये मात्र ते तसेच राहतात आणि कॉपी कर्कश लागते.

वाट खराब निघाली तर

राजारामपुरीतल्या एका मित्राकडं हेच झालं. एव्ही रिसीव्हर, उंच स्पीकर, फोन ब्लूटूथवर. आवाज जुळवला, फ्लॅकची कॉपी लावली, तर कॉपी आणि अ‍ॅप दोघंही सीडीपुढं मेलेले. तो वैतागून म्हणाला, “भावा, फोन तोच, स्पीकर तेच, मग सीडीत काय भूत हाय का?” रिमोट घेऊन बघितलं तर सीडीच्या इनपुटला रिसीव्हर ‘डायरेक्ट’वर, म्हणजे आवाजात काहीच फेरफार न करणाऱ्या मोडवर होता आणि ब्लूटूथच्या इनपुटला ‘ऑल चॅनेल स्टिरिओ’वर, वर कॉम्प्रेस झालेलं संगीत सुधारून देणारी सोयही चालू. बऱ्याच रिसीव्हरमध्ये प्रत्येक इनपुटची साऊंड मोड वेगळी लक्षात ठेवलेली असते. मागं कधी घरच्या कार्यक्रमात पाचही स्पीकर वाजावेत म्हणून कुणीतरी ती दाबली असणार. दोन्हीकडं डायरेक्ट केलं आणि गायिका पुन्हा मधोमध आली. ब्लूटूथ तेच, फोन तोच.

म्हणून रिसीव्हर असेल तर आधी इनपुटवार मोड, टोन, आवाज दाबणारी रात्रीची मोड आणि इनपुटची लेव्हल हे सगळं बघा. मग फोनकडे या. हल्लीच्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगच्या पोटात कुठंतरी डॉल्बी किंवा इक्वलायझर चालू असतो. तो इअरफोनसाठी ठीक आहे, घरच्या स्पीकरवर त्याने गायकाचा गळा विस्कटतो. बंद करा.

त्यानंतर ब्लूटूथ. फोन आणि रिसीव्हर आपापसांत कुठलं कोडेक, म्हणजे गाणं दाबायची पद्धत, ठरवतात ते बघायचं असेल तर अँड्रॉइडमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात ‘ब्लूटूथ ऑडिओ कोडेक’ दिसतं. तिथं एसबीसी दिसलं तर उत्तम स्थितीतही सुमारे ३२८ किलोबिट मिळतात, आणि स्वस्तातला रिसीव्हर त्याहून खाली उतरतो. एलडॅक ९९० पर्यंत जातं, पण भिंत आडवी आली किंवा फोन खिशात गेला की तेही दर कमी करतं. महत्त्वाचं म्हणजे अ‍ॅपमधून आलेलं गाणं फोन आधी उलगडतो आणि ब्लूटूथसाठी पुन्हा दाबतो. लॉसलेसचे जादा पैसे भरून ब्लूटूथवर ऐकणाऱ्यांनी हे एकदा नीट वाचावं. ते लॉसलेस स्पीकरपर्यंत पोचतच नाही.

उपाय महागडा नाही. साधा यूएसबी डॅक (डिजिटल आकड्यांचा सिग्नल करणारी डबी) किंवा बरा टाइप-सी डोंगल आणि आरसीए वायर, एवढ्यानं ब्लूटूथचा प्रश्न संपतो. वायर नको असेल तर वायफायवर चालणारा छोटा स्ट्रीमर घ्या. तो गाणं स्वतः इंटरनेटवरून ओढतो, फोन नुसता रिमोट राहतो. सीडी प्लेअर आणि स्ट्रीमर दोघांनाही ऑप्टिकल आउट असेल आणि अ‍ॅम्प्लिफायरला दोन ऑप्टिकल इनपुट असतील तर सोन्याहून पिवळं: दोन्ही एकाच डॅकमधून वाजतात आणि तुलना खरोखर न्याय्य होते. टीव्हीच्या अ‍ॅपमधून ऐकत असाल तर टीव्हीचं आवाजाचं आउटपुट पीसीएम, म्हणजे न दाबलेलं साधं डिजिटल, करा आणि त्याच्या ‘सराऊंड’, ‘क्लिअर व्हॉइस’ वगैरे करामती काढून टाका.

हजारोंच्या केबलबद्दलही विचारणा होते. माझं मत: आधी वरचं सगळं करा. ते केल्यावर केबलचा विषय बहुधा निघत नाही.

अ‍ॅप एकटं पडलं तर

सेटिंगमध्ये वायफायवरचा दर्जा, मोबाइल डेटावरचा दर्जा आणि डाउनलोडचा दर्जा असे तीन वेगवेगळे खटके असतात. लोक एक वाढवतात आणि बाकीचे विसरतात. ‘ऑटोमॅटिक’ काढा, कारण नेट जरा मंदावलं की अ‍ॅप गुपचूप खाली उतरतं. पूर्वी डाउनलोड केलेली गाणी जुन्याच दर्जाची असू शकतात, ती पुसून नव्याने उतरवा. डेटाची काळजी असेल तर हिशेब असा: ३२० किलोबिटला तासाला १४४ एमबी, आणि सीडीच्या दर्जाचं लॉसलेस साधारण त्याच्या अडीच-तीन पट. घरच्या वायफायवर हे काहीच नाही. क्रॉसफेडही बंद करा. विलंबित संपून द्रुत सुरू होताना दोन ट्रॅक एकमेकांत घुसवणारी ती सोय ख्यालाच्या मैफलीत अक्षरशः नकोशी होते.

हे सगळं करूनही अ‍ॅपवरचं गाणं वेगळंच लागत असेल तर बहुतेक वेळा ते गाणंच वेगळं असतं. मला स्वतःला सगळ्या प्रकरणात हा भाग सगळ्यात रंजक वाटतो. जुन्या मराठी आणि हिंदी गाण्यांची एकच आवृत्ती नसते. मूळ टेपवरून केलेली, एलपीवरून उतरवलेली, खरखर काढता काढता तंबोऱ्याची झारही पुसून टाकलेली, ‘रिमास्टर्ड’ म्हणून आवाज भिंतीसारखा सपाट चढवलेली, आणि वरून ढोलकी-ड्रम चढवलेली ‘झंकार बीट्स’वाली, अशी सगळी भावंडं अ‍ॅपवर एकाच नावाने नांदतात. अ‍ॅप तुम्हाला सर्चमध्ये सगळ्यात वरची देतं, तुमच्या सीडीवरची नव्हे.

ओळखायचं कसं? आधी लांबी बघा. सीडीवर ३ मिनिटं २४ सेकंद आणि अ‍ॅपवर ३ मिनिटं १६, म्हणजे एक तर काप वेगळा आहे किंवा वेग. वेग तपासायला तंबोऱ्याचं अ‍ॅप लावा. सीडीवर गायिकेचा सा पेटीच्या काळी चारला नेमका जुळतो आणि स्ट्रीमिंगवर तो किंचित चढा राहतो, तर ती आवृत्ती जोरात फिरलेल्या टेपवरून किंवा तबकडीवरून घेतलेली आहे. मग दुसरे संग्रह उघडून बघा. तेच गाणं चार-पाच अल्बममध्ये पडलेलं असतं आणि त्यातलं एखादं तुमच्या सीडीशी तंतोतंत निघतं.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांचं तर सगळंच ट्रान्स्फरवर अवलंबून. अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी आश्रय दिला तो याच कोल्हापुरात, त्यामुळे जयपूर-अत्रौली घराण्याच्या जुन्या ध्वनिमुद्रिका इथल्या घरांत श्रद्धेने ऐकल्या जातात. त्याच घराण्याच्या केसरबाई केरकरांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत सीडीची सगळी रुंदी भरेल इतका मजकूर मुळातच नाही. तिथं सीडी की स्ट्रीमिंग हा प्रश्न गैरलागू आहे. ती तबकडी कुणी, कुठल्या सुईने, किती साफ करून उतरवली हेच ऐकू येतं. यूट्यूबवर कुणा हौशी माणसाने चढवलेलं ट्रान्स्फर अधिकृत सीडीपेक्षा जिवंत लागलं तर आश्चर्य मानू नका.

सीडीही धुतल्या तांदळाची नसते

मंगळवार पेठेतल्या एका काकांची तक्रार उलटी होती. सीडीवर आवाज देवळाच्या गाभाऱ्यातून आल्यासारखा, आणि नातवाच्या फोनवर तेच गाणं स्वच्छ. प्लेअर बघितला तर तो जुना डीव्हीडी प्लेअर, पुढं कराओकेच्या माइकची दोन भोकं, आणि मेनूमध्ये इको व इक्वलायझर दोन्ही चालू. “काका, हे कधी चालू केलं?” विचारलं तर म्हणाले, “अरे, मला वाटलं नव्या सीड्याच अशा येतात.” असले स्वस्त प्लेअर अजून बऱ्याच घरांत आहेत, त्यांचा मेनू एकदा उघडून बघाच.

दुसरा प्रकार बाजारातून स्वस्तात आणलेल्या सीडींचा. ऑडिओ सीडी म्हणून विकलेली, पण एमपीथ्रीवरून जाळलेली, म्हणजे संगणकावर लिहिलेली. तिची कॉपी ऑडॅसिटी या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठले स्वर किती आहेत ते दाखवणारं चित्र, बघा. १६ किलोहर्ट्झच्या आसपास पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ असेल आणि वर काळोख, तर एमपीथ्रीचा संशय घ्यायला हरकत नाही. जुन्या ध्वनिमुद्रणातही वरचे स्वर नसतात, पण तिथं ते हळूहळू विरतात आणि वर थोडी खरखर उरते, रेघ नसते.

सीडी घाण झाली म्हणून बास कमी झाला, हे मात्र होत नाही. डिजिटल वाचनात चूक झाली तर प्लेअर आधी ती दुरुस्त करतो, सुमारे अडीच मिलिमीटर लांबीपर्यंतचा खंडही तो भरून काढतो. त्याच्या बरंच पलीकडे गेलं की टकटक, उडी किंवा शांतता. आवाज ‘फिका’ होत नाही. आपल्याकडं जून ते सप्टेंबर कपाटातले कपडे सुद्धा दमट लागतात, त्या दिवसांत लेन्सवर थर आणि सीडीवर बुरशीचे ठिपके धरतात. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल ओरखडा लेसरच्या वाटेवरच पडतो आणि एकामागून एक माहिती खातो. आणि लेबलची बाजू जास्त जपा. खालून १.२ मिलिमीटर प्लास्टिकचं कवच असतं, वरून चकाकत्या थराच्या आणि बोटाच्या मध्ये पातळ लाखेचा थरच असतो.

लॅपटॉपवरून वाजवताना गुणगुण येते तो विषय वेगळा आहे. चार्जर काढा. गुणगुण थांबली तर तो ग्राउंड लूप (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट), यूएसबी आयसोलेटरने किंवा ऑप्टिकल वायरने जातो. केबल टीव्हीची वायर रिसीव्हरला असेल तर तीही काढून बघा. अर्थिंगची पिन मोडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

अजून खात्री नसेल तर

वाट, अ‍ॅप, सीडी सगळं तपासलं, आवाज जुळला, आवृत्ती तीच, तरी सीडी बरी वाटते. मग घरच्या कुणाला रिमोट द्या, तुम्ही पाठ करून बसा. त्यांनी नाणं उडवून सीडी किंवा अ‍ॅप लावायचं, तुम्ही दहा वेळा ओळखायचं. पाच-सहा बरोबर आले तर तो अंदाज आहे. नऊ किंवा दहा नुसत्या नशिबाने येण्याची शक्यता १०२४ पैकी ११, म्हणजे सुमारे एक टक्का. तेवढे आले तर तुम्हाला खरंच फरक कळतोय, आणि मग लॉसलेसवर पैसे घालायला माझी हरकत नाही. २४ बिट १९२ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सीडीहून बारीक नमुन्यांच्या, फाइलींच्या मागं मात्र लागू नका. सीडीच्या १६ बिटमध्येच सगळ्यात हळू आवाजापासून सगळ्यात मोठ्या आवाजापर्यंत सुमारे ९६ डेसिबलची रुंदी आहे, आणि भर रस्त्याकडेच्या आपल्या खोल्यांत रात्री अकराला सुद्धा तेवढी शांतता सापडत नाही.

फ्लॅक काढायला ड्राइव्ह आणलाच आहे, तर एकच गाणं काढून परत देऊ नका. सगळा साठा उतरवून घ्या आणि एक प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर ठेवा. सुरुवात मार्करने नाव लिहिलेल्या, घरी जाळलेल्या सीडी-आरपासून करा. मैफलीचं, लग्नाचं, आजोबांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग बहुतेक त्यांवरच असतं, त्यांचा रंगथर छापील सीडीच्या आधी जातो, आणि त्यांची दुसरी प्रत कुठल्याच अ‍ॅपवर मिळत नाही.